मदतीला आलेली फौज



असई हे गाव आपल्याच जालना जिल्ह्यातले. १८०२ मध्ये होळकरांनी पुण्याजवळ पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. तेव्हा दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबरला वसई येथे इंग्रजांशी तह केला : सहा हजार पायदळाच्या बदल्यात वार्षिक २६ लाखांचा मुलूख. शिंदे व नागपूरकर भोसल्यांना तो मानवला नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला लढाई झाली. हजारो मेले वा जखमी झाले. १८१८ मध्ये पेशवाईही बुडाली. घरचे भांडण मोठे युद्ध झाले.

२०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. नाटो देशांनी आधी रणगाडाभेदी क्षेपणास्त्रे, मग रणगाडे, पुढे लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे दिली. रशियाने अण्वस्त्रांचा धाक घातला. बाजीरावाने गादीसाठी मदत मागितली, युक्रेनने स्वसंरक्षणासाठी. हा फरक आपण विसरू नये. पीडिताला आधार देणे न्याय्यच. मात्र ख्रिस्तसभा शिकवते की, टाळायच्या अनिष्टापेक्षा मोठे अनिष्ट शस्त्रांनी ओढवू नये.

मनन : लूक १४:३१-३२ वाचू या. भावकीच्या वादात आपण ज्याला बोलावतो, तो वाद मिटवायला येतो की वाढवायला?