सम्राट अशोकाचा चेहरा

अशोक विजयादशमीच्या मिरवणुकीचा चित्ररथ सजवू लागलो की दरवर्षी एक वाद ठरलेला : सम्राट अशोकाचा वेष कसा असावा? कुणी कॅलेंडर आणतो, कुणास 2001 सालचा हिंदी चित्रपट आठवतो. शेवटी रुंद छातीचा, पिळदार मिशांचा, मुकुट व तलवार धारण केलेला अशोक रथावर चढतो. मुले टाळ्या वाजवतात. आम्हीही वाजवल्या आहेत. परंतु हा चेहरा आला कोठून?

अशोकाच्या हयातीत घडवलेली, त्याचे नाव कोरलेली मूर्ती उपलब्ध नाही. सांचीच्या तोरणावर दोन राण्यांनी सावरलेला एक राजा आहे. त्यास अशोक म्हणतात ते बोधिवृक्षाच्या कथेवरून. तेथे नाव नाही. नाव सापडले ते कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यातील सन्नतीजवळच्या कनगनहळ्ळी येथे. पंढरपूरवरून वाहत जाणाऱ्या आपल्या भीमेच्याच खोऱ्यात! 1990 नंतरच्या दशकात तेथील स्तूपाच्या उत्खननात एक शिल्पपट मिळाला. राजा, राणी, छत्रचामरे धरलेल्या दासी, आणि ब्राह्मी अक्षरे : ‘रायो असोको’. मात्र हे शिल्प सातवाहन काळचे. शिल्पकाराने अशोकास पाहिलेले नव्हते. राजा जसा असतो असे त्याला वाटले, तसा त्याने कोरला. त्यानेही चित्ररथच सजवला म्हणा ना.

ग्रंथांत पाहावे तर निराळेच रूप. अशोकावदानात त्याचे अंग खरखरीत, म्हणून पित्यास नावडते. सिंहली महावंसात तर तो 99 भावांचा वध करणारा. दोन्ही ग्रंथ बौद्धांचेच. धम्मापूर्वीचा अशोक जितका काळा रंगवावा, तितका नंतरचा उजळ दिसतो, हे त्यातील इंगित असावे. पाचव्या शिलालेखात मात्र अशोक आपल्या भावाबहिणींच्या घरी धम्ममहामात्र काम करीत असल्याचे सांगतो. भाऊ उरलेच नव्हते, तर ही घरे कोणाची?

आम्ही बँकेतली माणसे. खातेदार कितीही रुबाबदार असो, आम्ही पाहतो ती सही. अशोकाची सही जुळायलाही वेळ लागला. जेम्स प्रिन्सेपने 1837 साली ब्राह्मी लिपी उलगडली, पण बहुतेक लेखांत ‘देवानंपिय पियदसि’ एवढेच. 1915 साली मस्की येथील लेखात त्याच बिरुदापुढे ‘असोक’ हे नाव मिळाले आणि खाते कोणाचे ते पक्के झाले. तेव्हा चेहरा शोधायचा तो या लेखांतच.

तेराव्या लेखात तो कलिंगचा हिशेब स्वतः देतो : दीड लाख माणसे धरून नेली, एक लाख मारली गेली, त्याहून कितीतरी अधिक मेली. कोणत्या विजेत्याने स्वतःच्या विजयाबद्दल असे दगडावर लिहून ठेवले? पण याच लेखात अरण्यवासीयांना, पश्चात्ताप झाला तरी आपले सामर्थ्य शाबूत आहे, असा इशाराही आहे. प्रत्यक्ष कलिंगात, धौली व जौगड येथे, हा लेख कोरलाच नाही. चौथ्या स्तंभलेखात देहदंड झालेल्यास तीन दिवसांची सवलत आहे; देहदंड रद्द नाही. आमचे काही मित्र म्हणतात, ‘हे स्मरणिकेत कशाला? विरोधकांच्या हाती कोलीत!’ आम्हांस तसे वाटत नाही. हे सारे त्याने स्वतःच लिहिलेले आहे. ते आपण का झाकावे?

पहिला लेख तर आम्हांस फार आवडतो. पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात रोज लाखो प्राणी मारले जात; आता फक्त तीनच, दोन मोर व एक हरीण, आणि हरीणही नेहमी नाही; पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असे तो सांगतो. सगळे सोडले, असे खोटे सांगणे त्यास सहज शक्य होते. विचारणारे कोण होते?

म्हणून यंदाच्या रथासाठी आमची एक सूचना आहे. तलवार उतरवावी. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींना आपल्या सोपाऱ्यास आठव्या लेखाचा तुकडा मिळाला. शिकारीच्या विहारयात्रा सोडून राजा धम्मयात्रेस निघाला, असे हा आठवा लेख सांगतो. त्याचा मजकूर मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहून रथावर लावावा. मूळ तुकडा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. मिरवणुकीआधीच्या एका रविवारी मुलांना तेथे नेण्याचे मंडळाने ठरवावे. बरोबर जायला आम्ही तयार आहोत.