बिंदल्या सैल का झाल्या?

नागपूर, रविवार

चि. सौ. छोटीस,


फोन केला असता तर तू नेहमीसारखं "हो मावशी, हो मावशी" केलं असतंस आणि मला मध्येच रडू फुटलं असतं. म्हणून लिहिते. जावईबापूंना वाचायला दिलंस तरी चालेल. सासूबाईंना द्यायचं की नाही ते आधी स्वतः वाचून ठरव.

परवा दुर्गच्या काकू इथे लग्नाला आल्या होत्या. निघण्याआधी नंदिनी नगरला तुझ्याकडे डोकावल्या म्हणे. पंगतीत माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "पोर गोड आहे हो, पण बाळसं उतरलंय. हातातल्या बिंदल्या कोपरापर्यंत जातात." त्या बिंदल्या मी बारशाला केल्या. सोनार थोड्या मोठ्या करू म्हणत होता, मीच नको म्हटलं. सहा महिन्यांत घट्ट होतील, मग वाढवून घेऊ. आणि नऊ महिन्यांच्या पोरीला त्या सैल? माझी जिलबी पानात तशीच राहिली.

काकूंना तिखटमीठ लावायची सवय आहे, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणूनच तर तुझ्याकडे जच्चा-बच्चा कार्डाचा फोटो मागितला. सहाव्या महिन्यात 6.9 किलो, सातव्यात 7.1, आठव्यात 7.1, नवव्यात 7.1. खाली तू लिहिलंस, "पट्टा हिरवाच आहे, मावशी." अगं, हिरवा आहे तो पहिल्या सहा महिन्यांच्या पुण्याईवर. बघायची असते ती रेघ. ती दोन महिने आडवी पडली आहे. पट्टा बदलेपर्यंत थांबलीस तर फार उशीर झालेला असेल. तुमच्या मितानीनला, म्हणजे आपल्याकडच्या आशाताईला, विचार, तीही हेच सांगेल.

तुझी सव्वीस आठवड्यांची रजा संपली, शाळा सुरू झाली आणि काही दिवसांतच रेघ आडवी झाली. मी तुला दोष देत नाही. (देते आहे, पण थोडाच.)

आता काय खायला घालतेस ते पाहू. काकूंनी सांगितलं तसं लिहिते, चुकत असेल तर सांग. सकाळी दुधात बुडवलेलं बिस्किट. दुपारी वरणाचं पाणी. संध्याकाळी परत वरणाचं पाणी. भात पोटाला जड होतो म्हणून नाही, अंडं उष्ण पडतं म्हणून नाही. छोटे, वरणाच्या पाण्यात वरण कुठे असतं? डाळ तळाशी बसते, ती मोठ्यांच्या पानात जाते, आणि वरचं पिवळं पाणी पोरीच्या पोटात. एवढ्याशा जिवाचं पोट ते केवढं, जेमतेम एक वाटी. ती वाटी पाण्याने भरली की पोर गप्प होते आणि घरातल्यांना वाटतं, जेवली. या वयात तुझ्या दुधाखेरीज वरच्या अन्नातून रोज सुमारे 300 कॅलरी जायला हव्यात. त्या पाण्यातून किती जात असतील, तूच विचार कर.

चमचा आडवा करून बघ. घास चमच्यावर टिकला तर ते अन्न, ओघळून गेला तर ते पाणी. मऊ भात आणि तळाची डाळ बोटांनी कालव, वर चमचाभर तूप सोड. त्या एका चमच्यानेच चाळीसेक कॅलरी वाढतात. अर्धी वाटी, दिवसातून तीन-चार वेळा, मध्ये एखादं केळं कुस्करून. अंडं उकडून दे, काही उष्ण पडत नाही. जन्मताना पोर जे लोह घेऊन येते ते सहा महिन्यांत सरत येतं, आणि आईच्या दुधात ते फारसं नसतं. म्हणून दारातल्या मुनग्याचा पाला वरणात शिजव, वर लिंबू पिळ, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. घुटीतला मध वर्ष पुरं होईपर्यंत बंद. चहात बुडवलेलं बिस्किट तर डोळ्यांसमोरही नको.

झालं, रागावून झालं. आता माझं ऐक.

तू राहतेस त्याच वसाहतीत मी लग्न होऊन आले. तुझे काका खाणीत होते. भिलाईच्या भट्ट्यांना लागणारा चुनखडक तिथून जायचा, आणि दुपारच्या सुरुंगाने माझ्या फडताळातल्या कपबशा किणकिणायच्या. 1979 मध्ये दादा झाला. शेजारच्या क्वार्टरमध्ये डब्याच्या दुधावरचं बाळ होतं, गोबरं, अगदी डब्यावरच्या चित्रासारखं. (आता डब्यावर बाळाचं चित्र नसतं, पाहिलंस का? 1992 च्या कायद्याने त्याला बंदी आहे. माझ्या वेळी ते चित्र बघूनच डबा घेत.) मलाही तसं बाळ हवं होतं. दादा चार महिन्यांचा असताना अंगावरचं कमी केलं आणि बाटली सुरू केली. पण डबा महाग, आणि पगार तीस दिवसांनी. मग वीस तारखेनंतर तीन चमच्यांच्या जागी दोन चमचे, पाणी तेवढंच. दूध पांढरंच दिसायचं ना! पोरगं प्यायचं, झोपायचं. मीही झोपायचे.

तुझ्या आईला कुणाकडून तरी कळलं. तिने वर्ध्याहून मला पोस्टकार्ड टाकलं, "दुधात पाणी घालू नकोस, पोरगं आतून वाळेल." पोस्टकार्ड! म्हणजे पोस्टमनपासून सगळ्यांनी वाचलेलं. मला पोराची काळजी वाटली नाही, राग आला. ते कार्ड मी तांदळाच्या डब्याखाली सारलं आणि ताईला दोन महिने उत्तर दिलं नाही. तिसऱ्या महिन्यात दादाला जुलाब लागले. बाटली मी धुवायचे, उकळायचे नाही. अकरा दिवस दवाखान्यात काढले. टाळू खोल गेली होती. तिथे हात ठेवला की बोट आत बसायचं. ते मला अजून रात्री आठवतं.

घरी आल्यावर पलीकडे राहणारी एक छत्तीसगढी बाई, खाणीत रेजा होती, ओटीत पोर घेऊन आली. तिचं पोर काळंभोर, घट्ट. माझ्या चुलीवरची पेज बघून ती हसलीच. म्हणाली, पसिया आम्ही गाईला घालतो. मग माझ्याच पातेल्यातली राहेरची डाळ आणि भात तळव्यावर कालवून तिने दादाला भरवलं. खाल्लं ते तो थुंकला. तिने परत भरवलं, परत थुंकला. ती दमली नाही. नवी चव आठ-दहा वेळा समोर आल्याशिवाय पोराला आपली वाटत नाही, हे मी पुढे कुठेतरी वाचलं. तिला ते माहीतच होतं. तुझ्या पोरीने दोनदा तोंड फिरवलं म्हणून "तिला आवडत नाही" असं ठरवू नकोस. आणि मोबाईल दाखवून तर मुळीच भरवू नकोस. तिला तुझं तोंड बघू दे.

दादाची आता पंचेचाळिशी उलटली, ढेरी सुटली आहे, त्याला यातलं काही ठाऊक नाही. तूही सांगू नकोस.

अंगावरचं तोडू नकोस गं. सकाळी निघताना, आल्यावर, रात्री पाज. दोन वर्षांपर्यंत चालू दे. शाळेत जाताना काढून ठेवलंस तर आपल्या उन्हात बाहेर चार तासांच्या पलीकडे ठेवू नये, फ्रिजमध्ये दिवसभर चालतं. वाटी-चमच्याने दे, बाटली नको. सासूबाईंशी भांडू नकोस. त्यांनी त्यांची चार पोरं याच पाण्यावर वाढवली असतील, पण तेव्हा ती अंगावरही पीत होती, ते त्या विसरल्या. त्यांनाच म्हण, "आई, डाळ तुम्ही घोटून द्याल का? तुमच्यासारखी मला जमत नाही." पंधरा दिवसांत काटा हलला नाही तर मात्र सेक्टर 9 च्या हॉस्पिटलात बालरोगतज्ज्ञांना दाखव. कधी लघवीत जंतू असतात, कधी आणखी काही, ते घरबसल्या कळत नाही.

आणि तू काय खातेस? खरं सांग. पोळीचा रोल तोंडात धरून बससाठी पळत असशील. ताई असती तर आधी तुझं पान वाढलं असतं, मग पोरीचं. मला हे पहिल्याच ओळीत विचारायला हवं होतं.

मी गुरुवारी निघते, संध्याकाळी दुर्गला उतरेन; जावईबापूंना सांग. तुझ्यासाठी हळिवाचे लाडू आणते. नाचणी परवा भिजत घातली होती, आज मोड आलेत. वाळवून, भाजून, दळून आणते. मोडाच्या पिठाची पेज कमी पाण्यातही पातळ राहते, म्हणून त्याच वाटीत पीठ जास्त मावतं. आपल्या आज्यांना हे कुणी शिकवलं कोण जाणे.

पोरीच्या हातातल्या बिंदल्या तोवर काढू नकोस. मला माझ्या बोटाने बघायच्या आहेत.

तुझी
मावशी