ध्वनीचा काटा आणि शेजारधर्म



आज आपण ज्या प्रश्नाचा विचार करणार आहोत, त्याला कोणी फारसे महत्त्व देत नाही. वरच्या मजल्यावरचा माणूस रात्री बारा वाजता पलंग ओढतो, बाजूच्या घरात पहाटेपर्यंत गाणी वाजतात, खालच्या घरात रोज भांडण होते. हा काय धम्माचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. परंतु धम्म म्हणजे माणसामाणसांतील योग्य संबंध, ही बाबासाहेबांची शिकवण आपण मानतो ना? मग ज्याच्याशी आपली केवळ एक भिंत सामाईक आहे, त्याच्याशी आपला संबंध कसा असावा, हा प्रश्न धम्माबाहेरचा कसा ठरेल?

आपल्यापैकी पुष्कळजण चाळीत वाढले. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. सुमारे १६० चौरस फुटांची एकेक खोली, मध्ये बोळ, सामाईक संडास. तेथे गोंगाट काही कमी नव्हता. तरी त्या आवाजाला चेहरा होता. कोणाचे मूल रडते, कोणाचा नवरा पिऊन आला, कोणाकडे पाहुणे आलेत, हे सर्वांना ठाऊक असे. दार उघडे असे आणि दारातूनच "अगं, जरा हळू" असे सांगता येई. आता त्याच जागी उंच इमारती उभ्या राहात आहेत. वरळीच्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर मोठे झाले, संडास घरात आला, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण दार बंद झाले. आवाज येतो, माणूस दिसत नाही. आणि न दिसणाऱ्या माणसाविषयी मन फार लवकर वाईट कल्पना करू लागते. 'तो मुद्दाम करतो' ही त्यातली पहिली कल्पना.

म्हणून प्रथम आवाज म्हणजे काय ते समजून घ्या. इमारतीत आवाज दोन वाटांनी येतो. एक हवेतून : बोलणे, गाणे, टीव्ही. हा खिडकीतून, दाराखालच्या फटीतून शिरतो. दुसरा आदळण्याचा : खुर्ची सरकणे, टाचा आपटत चालणे, खलबत्ता, चेंडू, जमिनीवर ठेवलेले वॉशिंग मशीन. हा काँक्रीटच्या स्लॅबमधून सरळ खाली आणि खांबांतून आजूबाजूलाही जातो. त्यामुळे पुष्कळदा आपण वरच्या घराला दोष देतो आणि आवाज तिसऱ्याच घरातून येत असतो! दार ठोठावण्यापूर्वी याची खात्री करून घेणे हे साधे न्यायाचे काम आहे.

दुसरी गोष्ट अशी की, आदळण्याचा आवाज ज्याच्या घरी उत्पन्न होतो त्याला तो जवळजवळ ऐकूच येत नाही, खालच्याला मात्र छातीत ऐकू येतो. आणि तो थांबवायचा असेल तर उगमापाशीच थांबवावा लागतो. खालच्याने आपल्या छताला काहीही चिकटवले तरी फार फरक पडत नाही. वरच्याने मात्र खुर्ची-टेबलाच्या पायांना रबर लावले, खलबत्त्याखाली गोणपाटाची जाड घडी घातली, यंत्राखाली रबरी तुकडे ठेवले, मुलांच्या खेळण्याच्या जागी जाड सतरंजी अंथरली, तर थोड्या खर्चात पुष्कळ काम होते. हवेतून येणाऱ्या आवाजासाठी दाराखाली रबरी पट्टी लावावी, खिडकीच्या फटी बुजवाव्यात. भिंतीला अंड्यांचे पुठ्ठे चिकटवण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो व्यर्थ आहे. त्याने खोलीतला घुमणारा नाद थोडा कमी होईल, पलीकडचा आवाज अडणार नाही.

आता काही लोक आपल्याला ऐकवतात, "तुम्ही बुद्धाचे लोक ना? ध्यान करता ना? मग आवाजाने कसले विचलित होता? सहन करा." या बोलण्याला आपलीही माणसे फसतात आणि त्रास सहन करणे म्हणजेच शांती, अशी समजूत करून घेतात. हे खरे नव्हे. अंगुत्तर निकायात दहाच्या निपातात कंटक सुत्त आहे. भगवान वैशालीजवळ महावनात कूटागारशाळेत असताना लिच्छवी लोक रथांच्या ताफ्यासह, मोठा कोलाहल करीत दर्शनाला येऊ लागले. ते पाहून काही ज्येष्ठ भिक्खू तेथून उठून गोसिंग सालवनात निघून गेले. भगवंतांनी त्यांना पळपुटे म्हटले काय? आवाजातच बसून राहा, असे सांगितले काय? नाही. त्यांनी योग्यच केले, असे म्हणून भगवंतांनी भिक्खूंना समजावले की, पहिल्या ध्यानाला ध्वनी हा काटा आहे. चातुमा गावी तर सारिपुत्त-मोग्गल्लान यांच्यासह आलेले सुमारे पाचशे भिक्खू जागा लावताना, पात्र-चीवर ठेवताना गलका करू लागले, तेव्हा मासे ओढणाऱ्या कोळ्यांसारखा हा गोंगाट कसला, असे विचारून भगवंतांनी त्यांना निघून जाण्यास सांगितले. नंतर शाक्यांनी रदबदली केली आणि त्यांना परत घेतले, ही गोष्ट वेगळी. म्हणजे गोंगाटाला गोंगाट म्हणणे यात अधम्म नाही.

आणि आपल्याला तर शांततेची किंमत इतरांपेक्षा अधिक कळली पाहिजे. लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत सारे कुटुंब राहात असताना बाल भीमाला अभ्यासासाठी वडील रात्री दोन वाजता उठवीत. का? दिवसा त्या खोलीत आणि त्या चाळीत अभ्यास होणे कठीण होते म्हणून. आजही आपल्या वस्तीतला मुलगा स्पर्धा परीक्षेचे पुस्तक घेऊन जिन्यात बसतो. रात्रपाळी करून आलेली परिचारिका दिवसा उशीखाली डोके घालून झोपू पाहते. शेजाऱ्याचा आवाज त्यांची झोपच नव्हे, तर उद्याचा दिवसही हिरावून घेतो.

मग सांगावे कसे? येथे सारिपुत्तांनी दुसऱ्याची चूक दाखवणाऱ्यासाठी जे पाच नियम सांगितले ते घराच्या दारावर लावून ठेवण्यासारखे आहेत : योग्य वेळी बोलावे, खरे बोलावे, मृदू बोलावे, हिताचे बोलावे, मैत्रीचित्ताने बोलावे. यातला पहिलाच नियम आपण मोडतो. रात्री एक वाजता, रागाने थरथरत, बनियनवर जाऊन बेल वाजवणे ही अकाळी केलेली गोष्ट होय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जा. "काका, रात्री अकरानंतर तुमच्याकडची खुर्ची सरकते ती आमच्या खोलीत फार मोठ्याने ऐकू येते. मुलगी बारावीला आहे. खुर्चीला रबर लावायचे का? मी आणून देतो," एवढे बोला. यात वेळ आहे, वस्तू आहे, कारण आहे आणि उपायही आहे. "तुमचा रोजचाच तमाशा आहे" या वाक्यात यातले काहीच नाही. ते खरेही नाही, कारण रोज म्हणजे खरोखर रोज नसते.

चूक दाखवली जाते त्यानेही दोन गोष्टींवर स्थिर राहावे, असे तेथेच सांगितले आहे : सत्य आणि अकोप. उद्या कोणी आपल्या दारात आला तर हे आठवा. "आमच्या घरात आम्ही काय वाटेल ते करू" हे उत्तर अकोपाचेही नाही आणि सत्याचेही नाही. आवाज घरात राहात असता तर तो माणूस आला कशाला असता?

क्षुल्लक गोष्ट किती वाढते याचे उदाहरण हवे असेल तर कोसंबीचे भिक्खू आठवा. अट्ठकथा सांगते की, संडासातील भांड्यात पाणी शिल्लक ठेवले एवढ्यावरून वाद सुरू झाला आणि संघ फुटायची वेळ आली. भगवंतांचेही त्यांनी ऐकले नाही; अखेर उपासकांनी भिक्षा बंद केली तेव्हा ते ताळ्यावर आले. सोसायट्यांमध्ये पाण्यावरून आणि आवाजावरून दहा दहा वर्षे न बोलणारे शेजारी आपण पाहतोच.

गोड बोलूनही ऐकले नाही तर? तर नियमाचा आधार घ्यावा. बाबासाहेबांनी आपल्याला कायद्याची वाट दाखवली आहे, ती न वापरण्यात मोठेपणा नाही. तारीख आणि वेळ लिहून ठेवा. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींप्रमाणे सभासदाने इतरांना उपद्रव होईल असे काही सदनिकेत करावयाचे नसते. सचिवाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये आले. त्यांनुसार निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. हा १० चा फरक लहान समजू नका. १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दसपट होते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार सण-उत्सवासाठी वर्षात फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात स्पष्ट केले की, बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला जबरीने ऐकवण्याचे स्वातंत्र्य येत नाही. आणि तक्रारदाराची ओळख उघड न करता पोलिसांनी कारवाई करावी, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. हे शेवटचे आपल्यासाठी फार मोलाचे आहे, कारण मिश्र वस्तीत आपल्या माणसाने तक्रार केली की आवाजाची चर्चा बाजूला राहते आणि तक्रारदाराच्या जातीची सुरू होते. अशा वेळी ११२ वर फोन करावा. दारात एकट्याने वाद घालीत बसू नये.

मात्र तान्ह्या मुलाचे रडणे, म्हाताऱ्या माणसाचा रात्रीचा खोकला, सकाळचा मिक्सर यांना कायद्याची फूटपट्टी लावू नका. तेथे करुणाच हवी, आणि जमले तर दुपारी त्या बाळंतिणीला तासभर मदत.

आणखी एक आवाज असा आहे की ज्याची तक्रार करायची नसते, ज्याकडे धावून जायचे असते. भिंतीपलीकडे बाईला मारहाण होते आणि आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. 'त्यांच्या घरची भानगड' म्हणतो. याला मी शेजारधर्म म्हणत नाही, समंजसपणाही म्हणत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने कोणालाही संरक्षण अधिकाऱ्याला खबर देता येते आणि सद्हेतूने खबर देणाऱ्यावर त्याबद्दल जबाबदारी येत नाही. बेल वाजवा, वाटीभर साखर मागा, काहीही निमित्त करा, पण मारणाऱ्याला कळू द्या की कोणी ऐकते आहे. मग ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ या क्रमांकावर फोन करा. ती बाई दुसऱ्या दिवशी 'काही झाले नाही' म्हणाली तरी आपला फोन नंबर तिच्याजवळ असू द्या.

आता आपल्याकडे वळू. १४ एप्रिलला आपल्या वस्तीत जे मोठमोठे ध्वनिवर्धक एकावर एक रचले जातात, त्यांनी खिडक्यांची तावदाने थरथरतात. कोणी बोलले तर आपण म्हणतो, "त्यांच्या सणाला चालते, आमच्या जयंतीलाच का बोचते?" या प्रश्नात तथ्य आहे. पक्षपात होतो, हे मी नाकारीत नाही. नियम सर्वांना सारखा लावा, ही मागणी आपण केलीच पाहिजे. परंतु त्या भिंतीपलीकडे जो आजारी माणूस पडलेला असतो तो बहुधा आपलाच असतो, आणि एप्रिल-मे हे विद्यापीठाच्या परीक्षांचे दिवस, म्हणजे ज्याने शिकावे म्हणून बाबासाहेब झिजले तो मुलगाही आपलाच. जयंती मंडळांनी मार्चमध्येच बसून ठरवावे : मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाईल, दवाखान्यापासून १०० मीटरच्या आत वाद्ये कोठे थांबतील, रात्री १० ला यंत्र बंद करण्याची जबाबदारी कोणाची. प्रत्येक इमारतीत कोणाकडे रुग्ण आहे, कोणाकडे तान्हे मूल आहे, कोणाची परीक्षा आहे, याची यादी एका कार्यकर्त्याच्या खिशात असावी आणि त्याने आदल्या दिवशी त्या घरी जाऊन वेळ सांगून यावे. त्या यादीत शेजारच्या, आपल्या समाजाच्या नसलेल्या घरांचीही नावे असावीत.