मनीच्या पाठीवरचं टक्कल

शिरूर तालुक्यातलं निमोणे. कांदा, ऊस आणि दूध यांवर चालणारं घर, आणि धान्याच्या कणगीपासून कांद्याच्या बराकीपर्यंत उंदरांवर लक्ष ठेवायला मांजरं. पुतणी शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयातून शिकलेली, आता पुण्यात दवाखाना चालवते. सुट्टीला घरी आली तशी काकीनं मांजर तिच्या पुढ्यात आणून ठेवलं.

काकी: बघ गं हिच्याकडं. शेपटीच्या वर पार टक्कल पडलंय. गोठ्यात गोचिडाचं औषध आहेच, तेच पाण्यात कालवून पुसणार होते. पण म्हटलं, तू येतीयेस तर आधी विचारावं.

पुतणी: पुसलं नाहीस ना?

काकी: नाही बाई. पण एवढं दचकायला काय झालं? गाईला चालतं, कुत्र्याला चालतं, मग हिला काय होतंय?

पुतणी: गोचिडाच्या बऱ्याच औषधांत सायपरमेथ्रीन नाहीतर डेल्टामेथ्रीन असतं. गाईचं आणि कुत्र्याचं यकृत ते मोडून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात ते मोडायची सोयच फार तोकडी. त्यात मांजर दिवसभर अंग चाटणार, म्हणजे अंगावर लावलं ते पोटात गेलंच समज. दुसरी बाटली अमिट्राझची असते, तीही मांजराला नको. कुत्र्याच्या मानेवर सोडायच्या पिसवांच्या औषधात पर्मेथ्रीन असलं तर तेही तसंच. माझ्याकडं येणाऱ्या विषबाधेच्या मांजरांपैकी बरीचशी घरच्यांनी मायेनं औषध लावलेलीच असतात.

काकी: आणि कुणी लावलंच तर?

पुतणी: काही तासांत लाळ गळायला लागते, कान-कातडी फडफडते, अंग थरथरतं, झटके येतात. वाट बघत बसायचं नाही. कोमट पाणी घ्यायचं, कढत नाही, आणि भांडी घासायच्या साबणानं धुऊन काढायचं. कोरडं करून टॉवेलात गुंडाळायचं आणि तडक डॉक्टर. येताना बाटली बरोबर आणायची, म्हणजे आत काय होतं ते आम्हाला कळतं.

काकी: जळकं ऑइल? आमच्याकडं खरूज झालेल्या कुत्र्याला सर्रास लावतात.

पुतणी: ते तर मुळीच नको. रॉकेल नको, फिनेल नको, डेटॉलही नको. खोबरेल तेलानं विषबाधा होत नाही, पण फायदाही नाही; चाटून जुलाब तेवढे होतील. आता ती उवांची बारीक फणी आण, आणि एक पांढरा कागद.

काकी: उवा झाल्यात का हिला?

पुतणी: बघू. शेपटीच्या बुडापासून उलटी फणी फिरवते. हे बघ, काळी मिरपूड सांडल्यासारखं काय पडलंय कागदावर. आता त्यावर पाण्याचे दोन थेंब टाक.

काकी: अगं, तांबूस झालं की हे!

पुतणी: साधी माती असती तर मातकट राहिली असती. ही पिसवांची विष्ठा, म्हणजे मनीचंच पचलेलं रक्त. आता कंबरेवरून बोट फिरव. बाजरीच्या दाण्याएवढ्या खपल्या लागतात ना? पिसवांच्या लाळेची ॲलर्जी. काही मांजरांना मोजके चावे पुरतात, आणि मग ती स्वतःच दातांनी केस कुरतडून काढतात.

काकी: पण मला तर एकही पिसू दिसली नाही.

पुतणी: दिसायची नाही. मांजर इतकं चाटतं की पिसू गिळून टाकतं. त्यातूनच पोटात चपटे जंत होतात. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर तेच. आणि अंगावर असतात त्या पिसवा म्हणजे सगळ्या पसाऱ्यातल्या शेकडा 5 धर. बाकीची अंडी, अळ्या आणि कोष मनी झोपते तिथं. कुठं झोपते ती?

काकी: बराकीतल्या बारदानावर. थंडीत नातवाच्या गोधडीत.

पुतणी: मग बारदान जाळ नाहीतर उकळत्या पाण्यातून काढ, गोधडी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात घाल. कोषातली पिसू महिनोन्महिने दबा धरून राहते, म्हणून मनीच्या मानेवरचं औषध एकदा टाकून भागत नाही. मांजरासाठीचंच फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन, वजन बघून, दर महिन्याला, निदान तीनचार महिने.

काकी: गोधडीवरून आठवलं. नातवाच्या दंडावर गोल चट्टा उठलाय. मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली, चार दिवस बरं वाटलं, आता दुप्पट झालाय. मनीचंच लागलं का काय?

पुतणी: असू शकतं, आणि हे मला पिसवांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. मांजरातला नायटा माणसाला लागतो. मायक्रोस्पोरम कॅनिस नावाची बुरशी. नाव कुत्र्याचं, पण खरं घर मांजर. मांजराच्या तोंडावर, कानावर, पुढच्या पायांवर केस तुटून गोल चट्टे पडतात, वर कोंडा. कधीकधी मांजराच्या अंगावर काहीच दिसत नाही आणि घरातली पोरं मात्र खाजवत असतात.

काकी: वासराच्या डोळ्याभोवती पांढऱ्या खपल्या येतात, तसलंच का?

पुतणी: नातं तेच, पण बुरशीची जात वेगळी. वासराचंही माणसाला लागतं बरं का, धार काढणाऱ्यांना विचार. पोराच्या ट्यूबमध्ये बहुतेक स्टेरॉइड असणार. त्यानं खाज थांबते, लाली जाते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. ती बंद कर आणि त्याला त्वचेच्या डॉक्टरला दाखव. गावोगाव चिवट झालेल्या नायट्याला या मिश्र ट्यूबा मोठं कारण आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

काकी: आणि मनीला नायटा आहे का नाही, कसं कळायचं?

पुतणी: अंधाऱ्या खोलीत वुड्स लॅम्प नावाचा जांभळ्या उजेडाचा दिवा धरला की बाधलेले केस पोपटी चमकतात. सगळेच चमकतील असं नाही, म्हणून केस सूक्ष्मदर्शकाखालीही बघायचे, गरज पडली तर बुरशी वाढवून बघायची. निघालाच तर पोटातून इट्राकोनॅझोल आणि अंगाला औषधी आंघोळ, काही आठवडे. चट्टा गेला म्हणून औषध बंद करायचं नाही. गळलेल्या केसांवरची बुरशी दीड वर्षापर्यंत जिवंत राहू शकते, तेव्हा घरातला केस न् केस गोळा करायचा.

काकी: शेजारच्या बोक्याचं निराळंच आहे. कानाच्या कडेला राखाडी पापुद्रे, आता डोक्यावर, मानेवर उतरलेत. नुसता खाजवतोय.

पुतणी: ती खरूज वाटते. कानाच्या कडेपासून सुरू होते आणि खाली उतरते. नोटोएड्रिस नावाचा कीडा कातडीत बिळं करतो. वेळेवर आणलं तर छान बरी होते, पण कुणी गाईचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन टोचू नये. गाईला 50 किलोला 1 मिली. त्याच हिशेबानं 3 किलोच्या बोक्याला 0.06 मिली, म्हणजे जेमतेम एक थेंब. गाईच्या सिरिंजमध्ये तेवढं मोजणार कसं? पिल्लांना तर त्याहून जपायला हवं.

काकी: हिच्या डोळ्याच्या आणि कानाच्या मधेही केस विरळ आहेत बघ.

पुतणी: ते जन्मजात, सगळ्याच मांजरांचं असतं. व्यायल्यावर पिल्लं पाजतानाही केस गळतात, पुढं आपोआप येतात. पोटावरचे आणि मांड्यांच्या आतले केस वस्तऱ्यानं काढल्यासारखे साफ झाले, तर मात्र आणायचं. लोक म्हणतात मांजरानं ताण घेतलाय. असतं तसंही, पण बहुतेक वेळा खाजच असते, आणि कधी मूत्राशय दुखत असतं म्हणून मांजर पोट चाटत राहतं. ताणाचं नाव शेवटी घ्यायचं, आधी बाकीचं तपासून. खायला काय घालतेस?

काकी: दूधभाकरी. आणि उंदीर तिचे ती बघते.

पुतणी: उंदीर आहेत म्हणून तरली ती. मांजराला मांसच लागतं. टॉरीन आणि अ जीवनसत्त्व दूधभाकरीतून पुरत नाही, आणि गाजरातून अ जीवनसत्त्व बनवणंही तिच्या शरीराला जमत नाही. अंगावरची चमक आधी जाते, डोळे आणि हृदय मागाहून. उकडलेलं अंडं, नुसतं शिजवलेलं चिकन किंवा मासळी घाल. तुमच्या रश्श्यातलं नको.

काकी: तिखट लागतं म्हणून?

पुतणी: कांद्यामुळं. किलोमागे 5 ग्रॅम कांदासुद्धा मांजराच्या लाल रक्तपेशी फोडायला पुरतो. तुझ्या 3 किलोच्या मनीला 15 ग्रॅम, म्हणजे कांद्याची जाडशी फोड. लसूण त्याहून वाईट.

काकी: आणि आपण कांद्याच्या राशीवर राहतो!

पुतणी: राशीवर झोपली तर काही होत नाही, कच्चा कांदा ती तोंडात धरायची नाही. शिजवून मटणात लपवलेला जातो पोटात. आता मनीला झाकणाच्या क्रेटमध्ये घाल, केस तपासायला बरोबर नेते. पण पिसवांचं औषध एकट्या मनीला टाकून उपयोग नाही. घरात आणखी कोण आहे?

काकी: दोन बोके आणि राखणीचा कुत्रा. कुत्र्याचं ठीक आहे, पण बोके दिवसा हाताला लागतात होय! धारेच्या वेळेला तेवढे गोठ्यात येतात.

पुतणी: मग आज संध्याकाळी धारेच्या वेळेलाच. तू दुधाची वाटी धर, मी मानेवर केस बाजूला करून कातडीवर थेंब सोडते. तिथं त्यांची जीभ पोचत नाही. कुत्र्याला त्याचं वेगळं, आणि ते आणताना पर्मेथ्रीन नसलेलं आण. मनी त्याच्या पोटाशी झोपते म्हणालीस ना परवा फोनवर?