ख्रिस्ती संगीत संध्या आणि गाणारा श्रोता

नागपूर जिल्ह्यातील सावनेर तालुक्यात, कोळसा खाणी आणि १३४० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक विद्युत केंद्र यांच्या आधाराने वाढलेल्या खापरखेडा येथून नागपूर शहर इतके जवळ आहे की संध्याकाळचा कार्यक्रम ऐकून रात्री घरी परतता येते. अशा गावातून ख्रिस्ती संगीत संध्येला जाणाऱ्या चाहत्याला तेथे नेमके काय अनुभवास येते, हा पुढील संवादाचा विषय आहे. विचारणारा या परंपरेला नवखा आहे, तर उत्तर देणाऱ्या अभ्यासकाने तिचा इतिहास आणि गायनपद्धती या दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत.

जिज्ञासू : सर, रंगमंच, रंगीत दिवे, ड्रम, गिटार, ओळखीच्या गाण्याचे पहिले सूर वाजताच उठणारा जल्लोष, हे सारे कोणत्याही वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात असते, मग ख्रिस्ती संगीत संध्या वेगळी कशी ठरते?

अभ्यासक : तिचे वेगळेपण श्रोत्यांच्या बाजूने पाहिले की लक्षात येते. गाण्याचे शब्द पडद्यावर दाखवले जातात, कारण समोरच्या प्रत्येकाने गावे अशी अपेक्षा असते. ध्रुवपद दोनतीनदा झाले की ढोल थांबतात, गिटारवादक तारांवर तळवा ठेवतो, मुख्य गायक ध्वनिक्षेपकापासून एक पाऊल मागे सरकतो आणि मैदानात केवळ जमलेल्या लोकांचा आवाज उरतो. त्यात शेजारच्या आजींचा किंचित उतरलेला सूरही ऐकू येतो आणि मागच्या रांगेतल्या मुलाचा अर्धा शब्द उशिरा येणारा आवाजही. ज्या गायकाला ऐकण्यासाठी चाहता आलेला असतो, तोच गायक त्या क्षणी चाहत्यांना ऐकत असतो. सभेने स्वतः, स्वतःच्या भाषेत गावे हा आग्रह मार्टिन ल्यूथरने धरला आणि १५२४ मध्ये जर्मन गीतांची पुस्तके छापून निघाली, तेव्हापासून प्रॉटेस्टंट उपासनेत हे गायन केंद्रस्थानी राहिले आहे.

जिज्ञासू : कार्यक्रमाच्या सुरुवातीला लोक टाळ्या वाजवत, उड्या मारत गातात आणि तासाभराने तेच लोक डोळे मिटून उभे असतात. हा बदल आपोआप होतो की ठरवलेला असतो?

अभ्यासक : ठरवलेला असतो. देवाने केलेल्या कृत्यांबद्दल त्याचे गुणगान करणाऱ्या गाण्यांना ‘स्तुती’ म्हणतात आणि ती बहुधा द्रुत लयीत असतात. देव जो आहे त्याच्यापुढे नम्र होण्याच्या गाण्यांना ‘आराधना’ म्हणतात आणि ती संथ असतात. मधल्या वेळात कोणी आपली ‘साक्ष’, म्हणजे श्रद्धेने आयुष्यात घडवलेल्या बदलाचे कथन, सांगतो किंवा पाळक प्रार्थना करतो. या काळात कीबोर्डवर एकच स्वरसमूह सलग धरून ठेवलेला असतो, त्याला वादक ‘पॅड’ म्हणतात. तानपुऱ्यासारखा तो मागे राहतो आणि दोन गाण्यांमधली शांतता तुटू देत नाही.

जिज्ञासू : हे सारे पाश्चात्त्य वाटते. मराठी माणसाचे त्यात काय आहे?

अभ्यासक : बरेच काही आहे, आणि ते विसरले जाते याचे दुःख व्हावे इतके मोलाचे आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्तकथेसाठी कीर्तनाचा साज स्वीकारला. नारायण वामन टिळकांचा तर नागपूरशी थेट संबंध होता. आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते तेथे राहिले, पुढे राजनांदगावकडे जाताना रेल्वेत भेटलेल्या एका मिशनऱ्याने त्यांच्या हाती बायबल दिले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या अभंगावर पोसलेल्या या कवीने ख्रिस्तभक्तीसाठी अभंग, पदे आणि भजने लिहिली. त्यांची अनेक गीते मराठी मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चसभांच्या, ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातून आजही गायली जातात. एकाने ओळ म्हणावी आणि सर्वांनी ती उचलावी, हा भजनाचा व्यवहार मराठी मंडळीला आधीच अंगवळणी पडलेला होता.

जिज्ञासू : मग नागपूरच्या मंचावर हिंदी गाणी आणि गिटार यांचेच प्राबल्य का दिसते?

अभ्यासक : नागपूर १९५६ पर्यंत हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या मध्य प्रांताची आणि पुढे मध्य प्रदेशाची राजधानी होते, शिवाय खाणी आणि वीज केंद्रांच्या वसाहतींत निरनिराळ्या प्रांतांची कुटुंबे शेजारी राहतात, त्यामुळे सर्वांना येणारी भाषा हिंदी ठरते. सहा वेगवेगळ्या चर्चपरंपरांच्या विलीनीकरणातून उभे राहिलेले चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच स्थापन झाले, ही गोष्टही या शहराच्या स्वभावाला साजेशी आहे. गिटारचा प्रवाह मात्र अमेरिकेतून आला. १९६९ मध्ये लॅरी नॉर्मनने रॉक संगीतात ख्रिस्ती गीते ध्वनिमुद्रित केली, कॅलिफोर्नियातील तरुण मंडळ्यांतून तशी गाणी पसरली आणि कॅसेट व पुढे मोबाइल यांच्या वाटेने ती भारतात पोहोचली.

जिज्ञासू : मंद दिवे आणि सलग सूर यांनी भावना उत्पन्न केल्या जातात, असा आक्षेप घेतला तर?

अभ्यासक : आक्षेप रास्त आहे आणि आयोजकांनी तो मनावर घ्यावा. संगीत मनाला आकार देते, हे कीर्तनकारालाही माहीत असते. परंतु ध्वनी इतका मोठा ठेवला की गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येईना, तर सभेचे रूपांतर प्रेक्षकवर्गात होते आणि कार्यक्रमाचा हेतूच हरवतो. दुसरा दोष स्वराच्या उंचीचा आहे. ध्वनिमुद्रणातील गायक ज्या उंच पट्टीत गातो ती पट्टी मंचावर तशीच ठेवली, तर निम्मे पुरुष वरच्या स्वरांवर गप्प होतात. जाणता वाद्यवृंद म्हणूनच एकदोन स्वर खाली उतरतो. थंडीतल्या उघड्या मैदानात दंवाने कातडे सैल पडून तबल्याचा सूर उतरतो, तेव्हा गाणे थोडे थांबवून हातोडीने गट्टे ठोकत तो पेटीला मिळवून घेणारा तबलजी सभेची फार मोठी सेवा करत असतो, कारण बेसूर वाद्यामागे शेकडो माणसे नीट गाऊ शकत नाहीत.

जिज्ञासू : ख्रिस्ती नसलेल्या रसिकाने तेथे जावे का, आणि गेल्यास कसे वागावे?

अभ्यासक : अवश्य जावे. प्रभुभोजनाचा विधी, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा संस्कार, संगीत संध्येत सहसा नसतो, त्यामुळे बाहेरच्या माणसाला संकोच वाटण्याचा प्रसंग येत नाही. प्रार्थना चालू असताना इतरांसोबत उभे राहणे पुरेसे असते, दानपात्र फिरले तर त्यात काही टाकणे ऐच्छिक असते आणि पडद्यावरचे जे शब्द मनाला पटतील ते गायला कोणाचीही हरकत नसते. गाणे आधी ऐकून गेल्यास अधिक बरे, कारण ध्रुवपद ओळखीचे असले की नवखा माणूसही दुसऱ्या फेरीला सभेसोबत गाऊ लागतो.