नादारीची नोंद कशी शोधावी? नाशिक जिल्ह्यातील अभिलेखांची ओळख

एखाद्याचे दुकान बंद पडले, पतसंस्थेचे हप्ते थकले किंवा शेतावर बँकेची जप्ती आली, की ‘त्याचे दिवाळे निघाले’ असे गावात सहज म्हटले जाते. पूर्वी पेढी बुडालेला सावकार भरदिवसा पेढीवर दिवा लावून ठेवी आणि त्यावरून हा शब्द रूढ झाला, असे सांगतात. तो दिवा पाहिला की गावाला वेगळा पुरावा लागत नसे. आजच्या कायद्यात मात्र दिव्याची जागा न्यायालयाच्या आदेशाने घेतली आहे. तो आदेश नसेल तर कितीही कर्ज असलेली व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने नादार ठरत नाही. आदेश असेल, तर त्याची नोंद कोठेतरी असतेच. ही नोंद कोठे असते व ती कशी शोधावी, याची माहिती ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय अधिकारी यांना असणे अगत्याचे आहे.

माहिती कशासाठी हवी?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ अन्वये, नादार म्हणून न्यायनिर्णीत झालेली आणि मुक्तता न मिळालेली व्यक्ती ग्रामपंचायतीची सदस्य होण्यास अपात्र ठरते. संसद व राज्य विधानमंडळ यांच्या सदस्यांसाठी असाच निर्बंध संविधानाच्या अनुच्छेद १०२ व १९१ मध्ये घातलेला आहे. शासकीय कर्मचाऱ्याने आपले आर्थिक व्यवहार नादारीची वेळ येऊ नये अशा रीतीने ठेवावेत आणि तशी कार्यवाही सुरू झाल्यास शासनास कळवावे, अशी अपेक्षा १९७९ च्या वर्तणूक नियमांत आहे. शाळेला साहित्य पुरविणारा, इमारतीचा ठेका घेणारा किंवा गावात ठेवी गोळा करणारा यांच्याविषयीही हा प्रश्न उपस्थित होऊ शकतो.

येथे एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. ‘नादारी’ म्हटले की शिक्षकांना विद्यार्थ्याची फी-माफी आठवते. न्यायालयीन शुल्क भरण्याची ऐपत नसलेला पक्षकारही पूर्वी ‘नादार’ म्हणून दावा लावी; त्याला आता अकिंचन म्हणतात. हे दोन्ही अर्थ केवळ गरिबीचे आहेत. प्रस्तुत लेखातील नादारी म्हणजे कर्ज फेडण्यास असमर्थ असल्याचा न्यायालयाने दिलेला निर्णय होय.

कायद्याची पार्श्वभूमी

कर्जबाजारीपणाचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य अधिनियम आला. आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता आणि त्यात शेतकऱ्यांच्या नादारीविषयी स्वतंत्र प्रकरण होते. पुढे मुंबईसारख्या इलाखा शहरांसाठी १९०९ चा अधिनियम झाला, तर उर्वरित प्रदेशासाठी १९०७ च्या कायद्याची जागा प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० ने घेतली.

संसदेने २०१६ मध्ये नादारी व दिवाळखोरी संहिता संमत केली. तथापि व्यक्ती व भागीदारी संस्था यांच्याविषयीचा तिचा तिसरा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता अमलात आणण्यात आला. परिणामी नाशिक जिल्ह्यातील सामान्य शेतकरी, दुकानदार अथवा नोकरदार यांच्या नादारीचा विचार १९२० च्या अधिनियमानुसारच होतो. त्याकाळी ठरलेली पाचशे रुपयांच्या कर्जाची किमान मर्यादाही त्यात तशीच आहे.

प्रथम प्रकार ठरवावा

शोध सुरू करण्यापूर्वी तो कोणाविषयी आहे हे निश्चित करावे, कारण प्रत्येक प्रकाराची नोंद वेगळ्या ठिकाणी असते.

व्यक्ती असल्यास जिल्हा न्यायालय पाहावे. ऋणको जेथे सामान्यतः राहतो, व्यवसाय करतो किंवा अटकेत असतो, तेथील न्यायालयात अर्ज दाखल होतो. नाशिक येथे जिल्हा न्यायालय असून मालेगाव व निफाड येथेही जिल्हा न्यायाधीशांची न्यायालये आहेत. व्यक्तीचा व्यवसाय मुंबई शहरात असेल, तर नोंद मुंबई उच्च न्यायालयात शोधावी लागते.

कंपनी असल्यास राष्ट्रीय कंपनी विधि न्यायाधिकरणाचे मुंबई पीठ पाहावे. प्रकरण दाखल करून घेतल्यावर जाहीर सूचना इंग्रजी व प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रांत, तसेच भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होते. नाशिकला कारखाने असलेल्या ज्योती स्ट्रक्चर्स या कंपनीचे उदाहरण सर्वज्ञात आहे. रिझर्व्ह बँकेने जून २०१७ मध्ये निर्देश दिलेल्या बारा मोठ्या थकीत खात्यांत तिचा समावेश होता. जुलै २०१७ मध्ये न्यायाधिकरणाने प्रकरण दाखल करून घेतले आणि २०१९ मध्ये तिच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर झाली. यावरून हेही ध्यानात यावे, की कंपनीविरुद्ध कार्यवाही सुरू होणे म्हणजे ती कायमची बंद होणे नव्हे.

सहकारी संस्था असल्यास वरील दोन्ही मार्ग लागू होत नाहीत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये निबंधक ती अवसायनात काढण्याचा आदेश देतो व अवसायक नेमतो. याची माहिती तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे मिळते.

व्यक्तीच्या नोंदीचा शोध

१. व्यक्तीचे संपूर्ण नाव, वडिलांचे नाव, राहण्याचे गाव, व्यवसायाचे ठिकाण आणि घटनेचे अंदाजे वर्ष लिहून घ्यावे. एकाच गावात एकाच नावाच्या अनेक व्यक्ती असतात. नावातील साम्यावरून निष्कर्ष काढल्यास निरपराध माणसावर डाग येतो.

२. ई-न्यायालये या संकेतस्थळावर महाराष्ट्र व नाशिक जिल्हा निवडून पक्षकाराचे नाव, प्रकरणाचा प्रकार किंवा अधिनियमाचे नाव यांवरून शोध घेता येतो. नाव इंग्रजीत निरनिराळ्या प्रकारे लिहिले जात असल्याने दोन-तीन रूपे तपासावीत. प्रकरण सापडल्यास त्याचा सोळा अक्षरांकांचा सी.एन.आर. क्रमांक टिपून ठेवावा. पुढील सर्व टप्पे त्यावरून पाहता येतात. जुनी प्रकरणे संगणकावर नसण्याची शक्यता असते. सबब संकेतस्थळावर नाव न आढळणे हा नादारी नसल्याचा निर्णायक पुरावा मानू नये.

३. शासन राजपत्र पाहावे. अधिनियमाच्या कलम ३० नुसार न्यायनिर्णयाच्या आदेशाची सूचना राजपत्रात प्रसिद्ध करणे आवश्यक असते. तीत नादाराचे नाव, पत्ता व वर्णन, आदेशाचा दिनांक, मुक्ततेसाठी अर्ज करण्याची मुदत आणि न्यायालयाचे नाव असते. अलीकडील राजपत्रे शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या संकेतस्थळावर मिळतात.

४. प्रकरणाचा क्रमांक व वर्ष मिळाल्यावर न्यायालयाच्या नक्कल विभागाकडे आदेशाच्या प्रमाणित प्रतीसाठी विहित शुल्कासह अर्ज करावा. अर्जदार प्रकरणातील पक्षकार नसल्यास प्रत कशासाठी हवी, याचे कारण द्यावे लागते व न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. संगणकावरील पानाची छापील प्रत माहितीपुरती ठीक. पुरावा म्हणून प्रमाणित प्रतच सादर करावी.

५. नादार ठरल्यावर, जप्तीतून वगळलेल्या वस्तू सोडून, व्यक्तीची मालमत्ता न्यायालयाकडे अथवा प्रापकाकडे निहित होते. म्हणून शेतजमीन असल्यास सातबाराचे ‘इतर हक्क’ व फेरफार नोंदीही पाहाव्यात. मात्र तेथे बँकेचा बोजा दिसला, तर त्यावरून नादारी सिद्ध होत नाही.

शोध मध्येच थांबवू नये

अनेकदा न्यायनिर्णयाचा आदेश सापडला की शोध तेथेच संपतो. ही चूक गंभीर ठरते. त्या आदेशानंतर प्रकरण पुढे चालू राहते. कर्जाची पूर्ण फेड झाल्यास किंवा मुळात नादार ठरवावयास नको होते असे आढळल्यास न्यायालय आदेश रद्द करते. रद्दीकरणाची सूचनाही राजपत्रात येते. अन्यथा ठरलेल्या मुदतीत ऋणको मुक्ततेसाठी अर्ज करतो. न्यायालय मुक्तता बिनशर्त वा सशर्त देते, काही काळ स्थगित ठेवते किंवा नाकारते. नादारी गैरवर्तनाशिवाय केवळ दुर्दैवाने ओढवली, असे प्रमाणपत्रही न्यायालय देऊ शकते. अधिनियमाच्या कलम ७३ मधील अपात्रता दूर होण्यासाठी मुक्ततेच्या आदेशासोबत असे प्रमाणपत्र महत्त्वाचे असते.

उलटपक्षी, मुक्तता न मिळालेल्या नादाराने आपली स्थिती लपवून पन्नास रुपये किंवा अधिक उधारी घेतल्यास तो कलम ७२ खाली शिक्षेस पात्र ठरतो.

एक उदाहरण

समजा, सिन्नर तालुक्यातील एका गावी उमेदवारी अर्जांची छाननी चालू आहे. एका उमेदवाराने पूर्वी किराणा दुकान बुडविले असून तो दिवाळखोर आहे, असा आक्षेप येतो. पुरावा म्हणून बँकेची वृत्तपत्रातील ताबा-सूचना दाखविली जाते. ही सूचना बँकेच्या वसुलीची आहे, न्यायनिर्णयाची नव्हे. थकबाकीदार असणे, धनादेश न वटणे, घराचा लिलाव होणे किंवा दरखास्तीत वॉरंट निघणे यांपैकी कशानेही व्यक्ती आपोआप नादार होत नाही. आक्षेप घेणाऱ्याने न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत दाखविली पाहिजे. ती दाखविल्यास उमेदवाराने मुक्ततेचा किंवा रद्दीकरणाचा आदेश सादर करावा. दोन्ही कागद समोर असले म्हणजे निर्णय अफवेवर न होता अभिलेखावर होतो. निवडून आल्यावर सदस्याच्या अपात्रतेचा असा प्रश्न उद्भवल्यास कलम १६ अन्वये जिल्हाधिकारी त्यावर निर्णय देतात.

ग्रामपंचायतीने व शाळेने मोठा ठेका देण्यापूर्वी ठेकेदाराकडून आपण मुक्तता न मिळालेले नादार नसल्याचे लेखी घोषणापत्र घ्यावे आणि ते उपलब्ध नोंदींशी पडताळून पाहावे. या कामासाठी लागणारा वेळ, पुढे होणाऱ्या नुकसानीच्या मानाने, अल्पच असतो.

समारोप

नादारीचा कायदा धनकोला त्याचा वाटा मिळावा म्हणून आहे, तसाच प्रामाणिक ऋणकोला कर्जाच्या ओझ्यातून सुटून पुन्हा उभे राहता यावे म्हणूनही आहे. अभिलेख सार्वजनिक ठेवण्यामागे हे दोन्ही हेतू आहेत. शोध घेणाऱ्याने नोंद केवळ आपल्या कामापुरती वापरावी आणि नादारीच्या आदेशाइतकेच मोल मुक्ततेच्या आदेशालाही द्यावे. नाशिकसारख्या जिल्ह्यात द्राक्ष-कांद्याच्या एका हंगामात माणसाची परिस्थिती पालटते. तेथे ‘दिवाळखोर’ हा शब्द तोंडातून काढण्यापूर्वी न्यायालयाचा कागद पाहण्याची सवय गावोगावी लागली, तर लोकव्यवहारातील विश्वास त्यामुळे दृढच होईल.