गोठणारे पाणी आणि घरातील नळ

लडाखमधील लेह हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथे हिवाळ्यातील कडाक्याच्या रात्री तापमान शून्याखाली १५ ते २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. अशा प्रदेशात नळ गोठला, तर घरातील माणसांना दुरून पाणी वाहून आणावे लागते. आणि नळी फुटली, तर कच्च्या विटांची भिंत भिजून खचण्याचा धोका असतो. म्हणून नळी का फुटते, हे प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे.

बहुतेक द्रव थंड होताना आकुंचन पावतात. पाणीही ४ अंशांपर्यंत तसेच वागते. त्याखाली मात्र ते किंचित प्रसरण पावू लागते आणि शून्य अंशाला गोठताना त्याचे आकारमान एकदम सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. नळीत प्रथम एखाद्या उघड्या, थंड जागी बर्फाचा बोळा तयार होतो. तो वाढू लागला की बंद तोटी आणि बोळा यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावर दाब पडतो. पाणी सहजासहजी दाबले जात नाही. त्यामुळे हा दाब अतिशय वाढून नळी तिच्या दुर्बल जागी चिरते. म्हणजे जेथे बर्फ असतो, नेमकी तेथेच नळी फुटते असे नाही. शिवाय बर्फ वितळेपर्यंत ही चीर लक्षातही येत नाही.

यावरून उपाय आपोआप सुचतात. मुख्य नळी जमिनीत, गोठण पोहोचत नाही इतक्या खोलवर पुरावी. घरातील नळ्या बाहेरच्या भिंतीतून न नेता स्वयंपाकघरासारख्या उबदार भागातून न्याव्यात. उघड्या नळीभोवती लोकर किंवा पेंढा गुंडाळून त्यावर ओल न शिरणारे आवरण घालावे. आच्छादन स्वतः उष्णता निर्माण करीत नाही, ते केवळ तिचा ऱ्हास मंद करते, हे विसरता कामा नये. दीर्घ थंडीत स्थिर पाणी आच्छादनाखालीही गोठते.

तोटी किंचित उघडी ठेवून पाण्याची बारीक धार सोडल्यास दाब साठत नाही आणि जमिनीतून येणारे तुलनेने उबदार पाणी नळीला उष्णता पुरवीत राहते. परंतु जेथे पाणी दुर्मिळ आहे, तेथे नळी रिकामी करणे हाच अधिक श्रेयस्कर मार्ग होय. रात्री जमिनीखालील झडप बंद करावी, घरातील सर्व तोट्या उघडाव्यात आणि सर्वांत खालच्या तोटीतून पाणी निथळू द्यावे. त्यासाठी नळ्यांना आरंभापासूनच उतार दिलेला असावा. रिकाम्या नळीत गोठण्यास काही उरतच नाही.

नळी गोठलीच, तर तिला जाळ लावू नये. दोन बोळ्यांमध्ये अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन नळीचा स्फोट होऊ शकतो. तोटी उघडी ठेवून गरम पाण्यात भिजवलेले फडके तोटीच्या बाजूने आरंभ करून क्रमाक्रमाने मागे नेत जावे. म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडण्यास वाट मिळते. येथे धीर धरावा लागतो. १ ग्रॅम पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवण्यास १ कॅलरी उष्णता पुरते. परंतु शून्य अंशावरील १ ग्रॅम बर्फ वितळवण्यास सुमारे ८० कॅलरी लागतात. हिवाळ्यापूर्वी केलेली तासाभराची तयारी यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.